विहिरीच्या नावावर

पुनमने कोपरं ताठ केली, हरिओमच्या छातीच्या मधोमध एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवला आणि अंगाचा सगळा भार खाली सोडला. छाती दबली, वर आली. तिने पुन्हा दाबली. त्याच्या अंगावरून निथळलेलं विहिरीचं पाणी काळ्या मातीत मुरत होतं.

“अगं, श्वास हाय की त्याला,” सासरे हणमंतराव म्हणाले. “बघ ना, तोंड हलवून राहिला.”

हरिओमचं तोंड खरंच उघडत होतं. काठावर टाकलेल्या मासोळीसारखं, मध्येच, उगाच. पुनमने वर न बघता मान हलवली.

“तो श्वास न्हाई, मामा. एकशे आठला फोन लावा. लवकर लावा.”

हरिओम तिचा धाकटा दीर. मोटारीच्या पाइपात गाळ अडकला म्हणून तो थोरल्या विहिरीत उतरला होता. पुनम रविवारचं जेवण घेऊन शेतात आली तेव्हा तो बुडी मारून वर येत होता. पायऱ्या चढून काठावर आला, केसांतलं पाणी झटकलं, “वहिनी, पाणी लई गार हाय” म्हणाला आणि गुडघ्यांत मोडल्यासारखा खाली आला. पाण्यात काहीच झालं नव्हतं. जे झालं ते कोरड्या जमिनीवर, तिच्यासमोर झालं होतं.

आजूबाजूच्या शेतांतून माणसं धावत आली. कुणी कांदा फोडून आणला. कुणी म्हणालं, पालथा घाला, पोटातलं पाणी काढा. एका म्हाताऱ्याने त्याचे तळपाय चोळायला घेतले. पुनमला हे सगळं दुरून ऐकू येत होतं. लोह्याच्या ज्या शाळेत ती गणित शिकवायची तिथे एकदा एक डॉक्टर रबरी पुतळा घेऊन आला होता आणि सगळ्या शिक्षिकांनी पदर तोंडाला लावून हसत हसत त्याची छाती दाबली होती. तीही हसली होती. पुतळ्याची छाती आतून टक्‌ असा आवाज करायची. हरिओमच्या छातीतूनही तसा आवाज आला, पण तो ओल्या लाकडाचा होता.

“मोडलं गं,” सासू साखराबाई हळूच म्हणाल्या. “हाड मोडलं त्याचं.”

“मोडू द्या.”

तिचा नवरा शिवम हातात फोन घेऊन नुसता उभा होता. फोन लागून झाला होता, गाडी निघाली होती, तरी त्याने तो कानापासून काढला नव्हता.

“अहो, इकडं या,” पुनम म्हणाली. “माझे हात भरून आले. मी सांगते तसं दाबा.”

“माझ्यानं न्हाई होणार.”

“गुडघ्यावर बसा.”

तो बसला. पहिल्या वेळी त्याने इतकं हलकं दाबलं की जणू झोपलेल्या भावाला उठवत होता. पुनमने त्याच्या हातांवर हात ठेवून भार दिला. मग त्याला कळलं. मग तो रडत रडत दाबत राहिला आणि दमला की पुनम, पुनम दमली की तो, असं चाललं. गोळा झालेली माणसं हळूहळू बोलायची थांबली. एक बाई साखराबाईंना धरून बांधाकडे नेऊ लागली, जसं मयतीच्या घरात नेतात तसं. साखराबाईंनी तिचा हात सोडवला.

रुग्णवाहिका लोह्याला एक बाळंतीण सोडून परत निघालेली होती, म्हणून लवकर आली. तिच्यातला तरुण डॉक्टर पांदीतून पेटी घेऊन पळत आला. त्याने हरिओमची छाती फडक्याने कोरडी केली, दोन चिकट पट्ट्या लावल्या, पेटीच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर रेघ नव्हती, थरथर होती.

“सगळे लांब व्हा. कुणी हात लावू नका. ताई, तुम्ही पण.”

पुनमने हात उचलले. हरिओमचं अंग जमिनीवरून किंचित उडालं आणि पडलं. गर्दीतून कुणाच्या तरी तोंडून देवाचं नाव आलं.

“दाबा परत,” डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या झटक्यानंतर काही वेळाने हरिओमच्या डाव्या हाताची बोटं मातीत रुतली आणि माती मुठीत आली. पुनम मागे सरकून बसली. तिला त्या क्षणी आनंद झाला नाही. तिने विहिरीकडे पाहिलं. सगळेच विहिरीकडे पाहत होते.

*

नांदेडच्या दवाखान्यात दोन-तीन दिवसांनी हरिओम बोलला.

“मोटार चालू झाली का?”

“झाली,” शिवम म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने तेच विचारलं. संध्याकाळीही तेच. तो रविवार त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता. फक्त तो गाळ अडकलेला पाइप तेवढा राहिला होता. शिवम दर वेळी तितक्याच शांतपणे झाली म्हणायचा आणि बाहेर येऊन भिंतीला टेकायचा.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या होत्या, आवाज बारीक होता. त्यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बसवलं.

“दोन बरगड्या मोडल्यात. त्या जुळतील. छाती दाबली नसती तर आज आपण इथं बसलो नसतो.” त्यांनी पुनमकडे पाहिलं आणि लगेच पुढे बोलल्या. “आता नीट ऐका. हृदय विजेवर चालतं. एक ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी ती वीज परत भरायला थोडा वेळ लागतो. ह्याच्या हृदयाला तो वेळ जास्त लागतो. एरवी काही कळत नाही. माणूस धडधाकट दिसतो. पण जोरात पळणं, पोहणं, एकदम दचकणं, अशा वेळी ठोका भलत्या क्षणी पडला तर हृदय नुसतं थरथरत राहतं. हे जन्मापासून असतं. आईकडून येतं नाहीतर वडिलांकडून. घरात कुणी तरुण वयात असं अचानक गेलंय?”

“न्हाई,” साखराबाई म्हणाल्या. प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाल्या.

हणमंतराव खिडकीबाहेर बघत होते. खाली रस्त्यावर एक माणूस उसाचा रस काढत होता.

“शेषेराव,” ते म्हणाले.

शेषेराव त्यांचा थोरला भाऊ. पुनमने त्याला फोटोतच पाहिलं होतं. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन झाल्यावर त्याने थोरल्या विहिरीत उडी मारली आणि तो वर आला नाही.

“पोहता येत होतं त्यांना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“पंचक्रोशीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता.”

मग हणमंतरावांनीच पुढचं सांगितलं, कुणी न विचारता. धाकटी बहीण महामाया. निलंग्याच्या स्टँडवर सुटलेल्या एसटीमागे पळाली, गाडीच्या दांडीला हात लावला आणि पडली. ऊन लागलं म्हणाले. गावात मात्र लोक वेगळं म्हणाले. ती माहेरी असताना त्याच विहिरीचं पाणी प्यायलेली, विहिरीनं लांबूनही बोलावून घेतलं.

“पहिल्यापासनं विहिरीलाच बोल लावत आलो आमी,” हणमंतराव म्हणाले.

साखराबाई पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. पुनमला ठाऊक होतं की गाव सुरुवातीला विहिरीला बोल लावत नव्हतं. शेषेराव गेला तेव्हा साखराबाईंची हळदही पुरती उतरली नव्हती. नवी नवरी पांढऱ्या पायाची निघाली, असं म्हणाले होते. कित्येक वर्षं कुणाच्या घरी डोहाळजेवण असलं की त्यांना उंबऱ्याच्या बाहेर ओटी दिली जायची. महामाया गेल्यावर ते बोलणं हळूहळू विहिरीकडे वळलं, पण पुरतं कधीच गेलं नाही.

“सगळ्यांची तपासणी करून घ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्या बहिणीला मुलंबाळं?”

“एक पोरगी हाय. लातूरला असती.”

“तिलाही कळवा. ह्यात उशीर चालत नाही.”

त्यांनी सगळ्यांच्या छातीला चिमटे लावले, ईसीजीच्या कागदी पट्ट्या काढल्या. हणमंतरावांना होतं. शिवमला होतं. ईश्वरी, शिवम-पुनमची चौथीतली लेक, गार चिमट्यांनी गुदगुल्या होऊन हसत होती. तिची पट्टी डॉक्टरीणबाईंनी उजेडाकडे नेऊन पाहिली, मग टेबलावर ठेवून मोजपट्टीने मोजली, मग परत मोजली. पुनमने लेकीच्या फ्रॉकची बटणं लावायला घेतली. वरचं बटण दोनदा चुकलं.

“रोज गोळी. चुकवायची नाही. पळणं, पोहणं बंद. शाळेत सगळ्या शिक्षकांना माहीत पाहिजे, पडली तर काय करायचं ते.” डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. “घाबरून जगू नका. माहीत असलं की धोका पुष्कळ कमी होतो. माहीत नसलं की होतो तो धोका.”

*

हरिओमच्या कॉलरच्या हाडाखाली एक लहानसं यंत्र बसवलं. हृदय पुन्हा तसं थरथरलं तर ते आतूनच झटका देणार होतं. घरी आल्यावर तो बोलता बोलता शर्टावरून त्या फुगवट्यावर बोट फिरवायचा. पूर्वी तो घरात शिरला की आधी त्याचा आवाज यायचा. आता तो खोलीत आहे हे मागे वळल्यावरच कळायचं.

“गावाला काय सांगायचं?” शिवमने विचारलं. सगळे ओसरीवर बसले होते. हरिओम आत झोपला होता.

“नाकातोंडात पाणी गेलं म्हणून सांगायचं,” साखराबाई म्हणाल्या. “विहिरीनं धरलं, पुनमनं सोडवलं. झालं.”

“मामी, पण तसं न्हाई हे.”

“औशाच्या लोकांनी हरिओमला पसंत केलंय. पुढच्या महिन्यात बोलणी हायेत. त्यांना सांगणार हायेस, पोराच्या काळजात खोट हाय म्हणून?”

“सांगायला नको का?”

हणमंतराव सुपारी कातरत होते. कातरून झालेली सुपारीही ते परत कातरत राहिले.

“तुमच्यावर लोकांनी किती वर्षं आळ घातला, मामी,” पुनम म्हणाली. “आता निघालं ना, तुमच्या पायांचं काही नव्हतं म्हणून.”

साखराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही.

“मला कळलं न्हाई व्हय ते? डॉक्टरीण बोलली तेव्हाच कळलं. खोट ह्यांच्या घराण्यातली हाय, माझी न्हाई.” त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. “माझ्या पायांचं काय घेऊन बसलीस? झिजले ते. ईश्वरीला अजून चालायचंय. उद्या तिला बघायला येतील तेव्हा कुणी म्हणाया नको. विहिरीचं नाव हाय, विहिरीच्या नावावरच राहू द्या. विहिरीला काय, तिला लग्न करायचं न्हाई.”

शिवम आईकडे बघत होता आणि मग त्याने पुनमकडे पाहणं टाळलं.

“वर्षाराणीला तरी कळवू,” पुनम म्हणाली. “महामायाआत्यांची पोर. ती पोलीस भरतीची तयारी करून राहिली. रोज पळते ती.”

“कळवू की,” हणमंतराव म्हणाले. “तिला कळलं म्हणजे तिच्या बापाला कळंल. त्याला कळलं की निलंगा तालुक्याला कळंल. आजारी पोर गळ्यात बांधली म्हणंल तो, मेलेल्या माणसाची अब्रू काढंल. सोयरीक पार पडू दे. मग मीच जाऊन सांगतो.”

सुपारीचा भुगा त्यांनी तळहातावरून खाली झटकला. बोलणं संपलं होतं.

पुढच्या मंगळवारी गावाने विहिरीची पूजा केली. नारळ फुटले, काठावर लिंबं मांडली, हरिओमला नवं धोतर नेसवून पुढे उभं केलं. ढोल सुरू झाला तसा तो दचकला. पुनमने ते पाहिलं. शिवमनेही पाहिलं आणि वाजवणाऱ्याकडे जाऊन काहीतरी पुटपुटून ढोल बंद करवला. पोलीस पाटलांनी चार शब्द बोलून पुनमला पुढे बोलावलं. विहिरीच्या तोंडातून माणूस ओढून आणला पोरीनं, म्हणाले. बायकांनी खण-नारळ आणला होता. पुनम क्षणभर नुसती उभी राहिली. मग तिने पदर पुढे केला.

ईश्वरी पुनमच्याच शाळेत होती, आणि त्याच आठवड्यात तिथे खो-खोची निवड होती. ईश्वरी खेळाच्या सरांना आपलं नाव देऊन आली होती. सर स्टाफरूममध्ये पुनमशी बोलायला आले.

“मॅडम, चपळ आहे हो तुमची पोरगी. तालुक्याला नेतो मी तिला.”

पुनमच्या समोर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. ईश्वरी दारात उभी होती.

“तिचा पाय मुरगळतो सर सारखा,” पुनम म्हणाली. “ह्या वर्षी नको.”

सर हळहळून गेले. ईश्वरीने आईकडे पाहिलं. शाळा सुटल्यावर स्कूटीपर्यंत जाताना ती उजवा पाय थोडा ओढत, लंगडत चालली. फाटकात मैत्रिणी भेटल्या तेव्हा जरा जास्तच लंगडली. ती आपल्याला सांभाळून घेत आहे हे पुनमच्या लक्षात आलं आणि तिने स्कूटी सुरू करायला उगाच वेळ लावला.

रोज सकाळी शिवम आणि ईश्वरी एकाच पाकिटातली गोळी घ्यायचे. ताकदीची गोळी, असं ईश्वरीला सांगितलं होतं. गोळी गिळली की ती दंड वाकवून दाखवायची.

*

औशाची बोलणी ठरली, सुपारी फुटली. हणमंतराव वर्षाराणीकडे गेले नाहीत. लग्न होऊ दे, म्हणाले. मग लग्नाची तारीख उन्हाळ्यात निघाली.

एक दिवस पुनमला फोनवर वर्षाराणीचा फोटो दिसला. पायात नवे बूट, मागे लाल मातीचं मैदान, खाली लिहिलं होतं, शनिवारी मोठी चाचणी. चेहऱ्याची ठेवण शेषेरावांच्या फोटोसारखी होती. पुनमला हे आधी कधी जाणवलं नव्हतं.

शनिवारी तिने घरी सांगितलं, लातूरला बोर्डाच्या कामाला जावं लागतंय. सकाळची शाळा करून तिने एसटी धरली. अहमदपूरला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीशी काकड्या विकणारी बाई दोनदा येऊन गेली. पुनम मनात वाक्य जुळवत होती. घाबरू नकोस, इथून सुरू करावं का? की आधी हरिओमचं सांगावं? हरिओमचं खरं तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कसं सांगतात हेच तिला ठाऊक नव्हतं.

मैदान लातूरच्या कडेला होतं. उन्हं उतरली होती. मुलं-मुली गटागटाने अंग मोकळं करत होती आणि शिट्टी गळ्यात घातलेले एक सर चुन्याच्या रेषेवरून चालत होते. वर्षाराणीने तिला लांबूनच ओळखलं आणि पळत आली. पुनमचा हात आपोआप पुढे झाला, थांब म्हणून.

“वहिनी? तुमी इकडं कामून? मामा बरे हायेत ना?”

“बरे हायेत. तुझ्याकडंच आले. बस जरा.”

सिमेंटच्या पायरीवर बसून पुनमने सगळं सांगितलं. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. विहीर, पेटी, यंत्र, शेषेराव, आणि महामायाआत्या. ऊन लागलं नव्हतं त्यांना. घरात चौघांना निघालंय. ईश्वरीला पण. एक साधी पट्टी काढायची, गोळी सुरू करायची, पळणं थांबवायचं.

वर्षाराणी बुटाची नाडी सोडून परत बांधत ऐकत होती. तिचे केस कानापर्यंत कापलेले होते, मान उन्हाने रापली होती.

“मामानं पाठवलं का तुमाला?”

“न्हाई. त्यांना म्हाईत पण न्हाई मी आले ते.”

वर्षाराणीने मान हलवली. नाडीची गाठ घट्ट ओढली.

“मी पडलेली हाय, वहिनी,” ती म्हणाली. “मागच्या उन्हाळ्यात, इथंच. पळता पळता अंधार झाला. उठले तर तोंडात माती. पोरी म्हणल्या, उपाशी पळतीस म्हणून. मी पण तेच म्हणलं. मग एकदा हॉस्टेलच्या जिन्यात.”

पुनमने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“कुणाला सांगितलं न्हाईस?”

“सांगून काय? सर मैदानात पाय ठेवू देणार न्हाईत. मेडिकलला बाद. मग निलंग्याला जाऊन बापाच्या घरात बसायचं, कुणीतरी येऊन बघून जाईस्तोवर.” तिने समोर पाहिलं. “आई कशानं गेली ते मला तवाच कळलं, जिन्यात. ऊन नव्हतं तिथं.”

“वर्षा, जगता येतं ह्याच्याबरोबर. डॉक्टरांनी सांगितलंय. गोळीवर जगता येतं.”

“जगता येतं. पळता येत न्हाई.”

मैदानाच्या त्या टोकाला सरांनी टाळ्या वाजवून मुलींना बोलावलं. वर्षाराणी उठली. पुनमने तिचं मनगट धरलं. ते गरम होतं आणि आत नाडी नीट, जोरात चालली होती.

“मी जाऊन सरांना सांगते आता.”

“सांगा.” वर्षाराणीने हात सोडवला नाही. तिचा आवाज चढलाही नाही. “ईश्वरीच्या शाळेत सांगितलं का तुमी?”

पुनम तिच्याकडे बघत राहिली. मग तिची बोटं सैल झाली.

“आजचा दिवस पळू द्या,” वर्षाराणी म्हणाली. “उद्या येते तुमच्यासंगं नांदेडला. काय निघायचं ते निघू द्या. आईची शपथ.”

ती रेषेकडे गेली. इतर मुलींमध्ये उभी राहिली की ती ओळखू येत नव्हती. सगळ्याच तशा बारीक, रापलेल्या, एका पायावर भार टाकून उभ्या. पुनम पायरीवरून उठून सरांच्या दिशेने चालू लागली. सरांनी तिला येताना पाहिलं.

“कोण पाहिजे ताई?”

तिने तोंड उघडलं. रेषेवरून वर्षाराणी तिच्याकडे बघत नव्हती, सरळ पुढे बघत होती. दर्शन घेताना माणसं बघतात तशी.

“काही नाही सर. वर्षाराणीची वहिनी मी. बघायला आले होते.”

“बघा की. लई जोरात पळते तुमची पोरगी. तिथं कडेला थांबा, माती उडते.”

पुनम कडेला गेली नाही. ती मैदानाच्या फाटकापाशी गेली. जनावरं आत शिरू नयेत म्हणून मोठं फाटक साखळीने बांधून ठेवलं होतं. माणसांना ये-जा करायला शेजारी फट होती. बाजूला निंबाच्या सावलीत म्हातारा राखणदार तंबाखू मळत बसला होता.

“काका, मोठी गाडी, एकशे आठसारखी, आत येते का इथून?”

“फाटक उघडलं तर येती. कामून? गाडी यायची हाय का कुणाची?”

मागे शिट्टी वाजली आणि अनेक पाय एकदम मातीवर पडल्याचा आवाज आला.

“न्हाई,” पुनम म्हणाली. “पण उघडून द्या.”

म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, काय दिसलं कोण जाणे. कमरेची किल्ली काढून त्याने कुलूप सोडलं. साखळी पुनमनेच ओढून काढली. फाटकाचा पल्ला जड होता, गंजलेला, आणि वाऱ्याने परत परत मिटायला येत होता. तिने पायाने एक दगड सरकवत आणला, पल्ल्याला लावून पक्का केला, आणि मग मागे वळून पाहिलं.